रेल्वेमुळे वसलेलं गाव रेल्वे चालू असतानाही ओस का पडतं?

कारण गाड्या धावतात, पण त्यांना आता माणसं लागत नाहीत. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं कुक हे याचं ठळक उदाहरण. नलारबोरच्या झाडं नसलेल्या पठारावर, १९१७ साली पूर्ण झालेल्या लोहमार्गासाठी हे गाव वसवलं गेलं. इथला ४७८ किलोमीटरचा रूळ एकही वळण न घेता जातो, जगातला सर्वांत लांब सरळ पट्टा!

वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी आणि कोळसा हवा असायचा, रुळांखालचे लाकडी स्लीपर सारखे बदलावे लागायचे, त्यामुळे कामगारांच्या टोळ्या तिथेच राहायच्या. मग डिझेल इंजिनं आली, पुढे काँक्रीटचे स्लीपर आले, आणि बहुतेकांचं कामच उरलं नाही. भरात असताना गावात शाळा होती, रुग्णालय होतं, गोल्फचं मैदानसुद्धा होतं (हिरवळीशिवाय, अर्थात). वाणसामान, मांस, पगार सगळं ‘टी अँड शुगर’ नावाच्या गाडीतून यायचं. ती १९९६ मध्ये बंद झाली. पुढच्याच वर्षी रेल्वेचं खाजगीकरण झालं आणि उरलेसुरले बहुतेक लोकही गेले.

नंतर तिथली लोकसंख्या चारपर्यंत खाली आली. इंजिनात इंधन भरायला आणि चालकांच्या मुक्कामाची सोय पाहायला तेवढी माणसं पुरतात. माझ्या मते खाजगीकरणाला उगाच जास्त दोष दिला जातो. गावाचा पाया डिझेलनेच काढून घेतला होता.