वाचकांचे प्रश्न : स्लीपरच्या डब्यातली रात्र

प्रश्न : मे महिन्यात कोकणकन्या एक्स्प्रेसने पनवेलहून सावंतवाडीला जायचंय. सासरे 72 वर्षांचे, सासूबाई 68, मी आणि 7 वर्षांचा मुलगा. दोघांना खालचेच बर्थ हवेत. तिकीट कसं काढू? – एक वाचक, कामोठे

उत्तर : आधी तारीख तपासा. गाडी मुंबईहून रात्री अकरानंतर सुटते आणि पनवेलला येईपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. म्हणजे 9 मे रोजी रात्री जेवून निघणार असाल, तर पनवेलहून तिकीट 10 मेचं हवं. तेच तिकीट घेऊन 10 तारखेच्या रात्री स्टेशनवर गेलात, तर तुमची गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते आणि पैसेही परत मिळत नाहीत. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, पण ते दिवस गाडी मुंबईहून सुटण्याच्या तारखेपासून मोजतात. या उदाहरणात 10 मार्च, सकाळी 8. आयआरसीटीसीचं खातं आधारशी आधीच जोडून ठेवा. त्याशिवाय पहिल्या दिवशी सुरुवातीला बुकिंग होत नाही.

चौघांचं एकच तिकीट काढू नका. सासू-सासऱ्यांचं वेगळं काढा आणि कोटा निवडताना ‘लोअर बर्थ/सीनियर सिटिझन’ घ्या. हा कोटा 60 वर्षांपासून पुढच्या पुरुषांना आणि 45 पासून पुढच्या स्त्रियांना आहे, तोही तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. तिसरं नाव घातलं की हक्क गेला. तत्काळमध्ये ही सोय नाही, म्हणून ज्येष्ठांसाठी तत्काळच्या भरवशावर राहू नये. तुमचं आणि मुलाचं तिकीट लगेच त्यापाठोपाठ काढा. मुलाला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडं पडतं. डबे वेगळे आले तर टीसीला विनंती करून पाहा, पण अदलाबदलीत खालचा बर्थ सोडू नका.

बर्थचा नंबर आला की त्याला 8 ने भागा. बाकी 1 किंवा 4 उरली तर लोअर, 2 किंवा 5 मिडल, 3 किंवा 6 अप्पर, 7 साइड लोअर. बाकी उरली नाही तर साइड अप्पर. साइड लोअर दोन सीट जोडून होतो, मधला सांधा कमरेला टोचतो. एक जाड चादर दुहेरी करून खाली घाला. स्लीपरमध्ये अंथरूण मिळत नाही, पांघरूणही घरचंच न्या.

प्रश्न : याच गाडीने पहाटे रत्नागिरीला एकटीने उतरायचं आहे. झोप लागली तर? – एक वाचक, ठाणे

उत्तर : रेल्वेच्या 139 या हेल्पलाइनवर फोन करून पीएनआर (तिकिटावरचा दहा आकडी नंबर) सांगा आणि ‘डेस्टिनेशन अलर्ट’, म्हणजे उतरायचं स्टेशन जवळ आल्याची सूचना, लावा. मात्र बोगद्यांमध्ये रेंज जाते, म्हणून मोबाइलचा गजरही हवाच, वेळापत्रकातल्या वेळेच्या 40 मिनिटं आधीचा. कोकणात बराच मार्ग एकेरी आहे, क्रॉसिंगला गाडी थांबली की उशीर होतो. जाग आल्यावर गाडी कुठे आहे ते पाहूनच आवरायला घ्या. अनेक गाड्यांत रात्री चार्जिंग बंद असतं, तेव्हा फोन घरूनच भरून आणा. बॅग बर्थखालच्या कडीला साखळीने बांधली असेल तर कुलपाची किल्ली गळ्यात अडकवा. अंधारात किल्ली शोधण्यातच वेळ जातो. स्टेशन येण्याआधी दहा मिनिटं सामान दाराशी न्या, पण दार गाडी थांबल्यावरच उघडा.

पावसाळ्यात जाणार असाल, तर या मार्गाचं वेळापत्रक वेगळं असतं. तिकीट मेमध्ये काढून प्रवास जुलैत असेल, तर निघण्याच्या आदल्या दिवशी वेळ पुन्हा पाहून घ्या.