बोनस कर्जात की कोकणात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षांपूर्वी पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला, कर्ज ५० लाख, मुदत २० वर्षं. यंदा दोघांचा मिळून तीन लाख बोनस येतोय. तुम्हाला तो सगळा कर्जात भरायचाय. बायको म्हणते, मुलगी नऊ वर्षांची झाली, आईबाबांना घेऊन एकदा तरी तारकर्लीला जाऊ. आणि खात्यात शिल्लक जेमतेम एका पगाराएवढी.

आधी तुमची बाजू. दर ८.५ टक्के धरला तर हप्ता ४३,३९१ रुपये. म्हणजे तीन वर्षांत साडेपंधरा लाखांच्या वर भरलेत आणि मुद्दल घटलंय सव्वातीन लाख. ते स्टेटमेंट बघून पोटात गोळा येणारच. एफडीत ठेवण्यापेक्षा कर्जात भरणं हिशोबाने सरसच, कारण एफडीच्या व्याजावर कर लागतो, वाचलेल्या व्याजावर नाही. 'टॅक्स वाचतो, राहू दे कर्ज' हा ऑफिसातला सल्लाही नव्या करप्रणालीत चालत नाही. स्वतः राहता त्या घराच्या व्याजाची दोन लाखांची वजावट तिथे नाहीच. फ्लोटिंग म्हणजे बदलता व्याजदर असेल तर आधी फेडल्याचा दंडही नाही.

तरीही सगळा बोनस भरू नका. बँकेच्या कर्ज विभागात मी बरीच वर्षं काढली. तिथे एक गैरसमज सारखा दिसायचा. लोकांना वाटतं, जास्तीचे भरलेत म्हणजे पुढचे हप्ते आधीच भरून ठेवले. तसं नसतं. असं जास्तीचं भरणं, म्हणजे पार्ट पेमेंट, मुद्दलातून वजा होतं आणि पुढच्या महिन्याचा हप्ता ठरल्या तारखेला जातोच. उद्या दोघांपैकी एकाची नोकरी गेली, तर 'मागे तीन लाख भरले होते, सहा महिने थांबा' असं कोणतीही बँक म्हणत नाही. हप्ता बाऊन्स झाला की दंड, वर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीतली तुमची पत, खाली. मग घरखर्च क्रेडिट कार्डावर, नाहीतर पर्सनल लोन काढून. साडेआठ टक्क्यांचं कर्ज लवकर संपवण्याच्या नादात त्याहून कितीतरी महागडं कर्ज गळ्यात. शिल्लक एका पगाराएवढी असताना ही भीती नुसती कागदावरची नाही.

आता सहल. 'एका ट्रिपने काय फरक पडतो' असं कुणी म्हणेल, त्यावर जाऊ नका, फरक पडतो. ६० हजार आज कर्जात भरलेत तर शेवटचे जवळजवळ सहा हप्ते वाचतात. फक्त ते वाचतील तेव्हा मुलगी सव्वीस वर्षांची असेल आणि आईबाबांना सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला होडीत चढवणं जमेल की नाही, कोण जाणे. मी तर ते सहा हप्ते खुशाल देईन. तुमच्याकडे दरवर्षी परदेशवारीचा बेत असता तर असं लिहिलं नसतं. तीन वर्षांत एकदाही घराबाहेर न पडलेल्या माणसांची गोष्ट वेगळी.

मी असते तर तीन लाखांचं असं केलं असतं: ६० हजार सहलीला, एक जादा हप्ता कर्जात, उरलेले दोन लाखांच्या आसपास लगेच मोडता येईल अशा एफडीत. सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला पडेपर्यंत त्याच एफडीत भर घालायची, नंतर कर्जात जास्त भरायला हात सैल सोडायचा. वर्षाला एक जादा हप्ता एवढंच पाळलंत तरी कर्ज अडीच वर्षं आधी संपतं आणि सात लाखांच्या आसपास व्याज वाचतं. तुमच्या बँकेत ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज असेल तर चौकशी करा. त्यात जास्तीचे पैसे पडून असेपर्यंत तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि गरजेला परत काढता येतात. दर मात्र बहुतेक थोडा चढा असतो.

जादा हप्ता भरताना 'हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी' असा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. काही ठिकाणी न सांगता हप्ताच कमी करून टाकतात आणि मग व्याज फारसं वाचत नाही. पंधरा दिवसांनी परतफेडीचं नवं वेळापत्रक मागून शेवटच्या हप्त्याची तारीख तपासा.