रेघ मारू नकोस

प्रिय,

धर्मांच्या मिसळणीवरचं तुझं प्रकरण वाचलं. त्यातल्या तक्त्यात डावीकडे 'मूळ', उजवीकडे 'उसनं', आणि तक्त्याखाली पेन्सिलीनं लिहिलेला तुझा प्रश्न : "बाई, मग ही माणसं नक्की कोणत्या धर्माची?" तुझा गोंधळ उडालाय, ते बरंच आहे. ज्यांचा उडत नाही ते या विषयावर फार वाईट लिहितात. पण तो तक्ता काढ. मधली रेघ मारू नकोस.

मी मारली होती. तुझ्याच वयाची असताना वर्षभर एका समाधीवर जात होते. दिवा, चादर, नवस, आरती, फातिहा, एकेक उचलून रकान्यात टाकलं. लेख छापून आला, शाबासकी मिळाली. काही वर्षांनी त्या जागेवरून वाद पेटला, तेव्हा माझ्या तक्त्याच्या झेरॉक्स दोन्ही बाजूंच्या हातात होत्या. एकांना डावा रकाना हवा होता, दुसऱ्यांना उजवा. तिथं रोज दिवा लावणारी म्हातारी मला एवढंच म्हणाली, "मी तर तुला सगळं एकत्रच सांगितलं होतं गं." खरंच सांगितलं होतं. माझ्या वहीत ते एकाच परिच्छेदात आहे. तोडलं मी, रात्री टेबलाशी बसून.

वाद तसाही झालाच असता, असं मला पुष्कळांनी समजावलं. असेलही. तक्त्यात खोटं अक्षर नव्हतं, हे मी आजही ठासून सांगेन. पण रेघ माझी होती, तिची नव्हती.

जपान तू तळटीपेत ढकललंस, याचा मला राग आला. तिथं हजारभर वर्षं कामी, म्हणजे शिंतो देव, आणि बुद्ध एकाच आवारात नांदत होते. हाचिमान हा कामी, पण लोक त्याला महाबोधिसत्त्व या बौद्ध पदवीनं हाक मारत. 1868 मध्ये मेइजी सरकारनं दोघांना वेगळं करायचे हुकूम काढले आणि हाचिमानची ती पदवीही काढून घेतली. कागदावर ती नुसती वर्गवारीच होती. पाठोपाठ मूर्ती फुटल्या, बौद्ध मंदिरं पाडली गेली, कितीतरी भिक्षूंना चीवर उतरवावं लागलं. अगं, हे तळटीपेत मावतं का?

आता तू ब्राझील पुढे करशील, आणि करायलाच हवं. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी आपले ओरिशा, म्हणजे देव, कॅथलिक संतांच्या आडोशानं जपले. पुढे 1983 मध्ये तिथल्या बाहिया राज्यात कांदोंब्लेच्या, म्हणजे या ओरिशांना पुजणाऱ्या धर्माच्या, ज्येष्ठ पुजारिणींनी, माई स्तेल्ला त्यांत पुढे होत्या, जाहीर सांगितलं की आता तो आडोसा नको. इयांसां ही ओरिशा म्हणजे संत बार्बरा नव्हे. मग माझं म्हणणं कोसळलं? मुळीच नाही. ती रेघ त्यांनी स्वतः मारली, आपल्या देवघरात, आपल्या आजीच्या हालांचा हिशेब मांडून. त्यांचा तो हक्कच आहे. तुझा नाही. माझाही नव्हता.

म्हणून मिसळणीचं भाबडं कौतुकही करू नकोस. 'सगळे धर्म एकच' हे वाक्य तुझ्या प्रस्तावनेत तीनदा आलंय, तिन्ही खोड. कोणी मिसळलं, कोणाच्या धाकानं, कशाच्या ओढीनं, ते विचार. गोव्यातल्या इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण घे. 1616 मध्ये राचोलला छापलेलं, दहा हजारांवर ओव्या. धर्मांतर झालेल्यांना जुनी पुराणं बंद झाली होती, आणि कानाला तर ओवीच हवी होती. स्वर्गाला तिथं वैकुंठ म्हटलंय. आता सांग, वैकुंठ कोणत्या रकान्यात टाकशील? त्या शब्दात जबरदस्ती आहे, माया आहे, हरवलेल्या पोथीची आठवण आहे. हे तिन्ही लिहायला रकाना पुरत नाही, परिच्छेद लागतो. लिही ना परिच्छेद! तुला लिहिता येतं, म्हणून तर चिडतेय.

तुझ्या मूळ वह्या घेऊन ये. तक्ता नको. तू जिच्याशी बोललीस त्या बाईनं तुला पहिल्या दिवशी काय सांगितलं, ते तिच्याच क्रमानं मला वाचून दाखव.

तुझी,
बाई