हिवाळ्यात नको, मे महिन्यात ये

जळगाव

बाळा,

पुणं सोडून जळगावात नोकरीला यावं का, हे विचारणारं तुझं पत्र मिळालं, सोबतचा खर्चाचा तक्ताही. वाकडचं भाडं २८ हजार, इथलं १२. प्रवास तिथे दोन तास, इथे बारा मिनिटं. आकडे खोटे नाहीत. पण आमच्याकडे तू ट्रेनी होतास ते जुलै ते डिसेंबर, म्हणजे या गावाचं गोड तोंड तेवढं पाहिलंस. निरोपाच्या दिवशी मळ्यात कपाशीच्या काड्यांवर भाजलेली बामणोदची वांगी, लाकडी बडजीत ठेचलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन तू म्हणाला होतास, "सर, इथेच राहावंसं वाटतंय." त्या पंगतीतून उठताना असं न म्हणालेला पुणेकर मी अजून पाहिलेला नाही.

मे महिन्यात ये. पारा ४५च्या पुढे जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, तेव्हा. तू निवडलेलं १२ हजारांचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. ते स्वस्त का आहे हे तेव्हा कळेल. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत निवत नाही. मधला मजला बघ, पश्चिमेच्या भिंतीला दुसऱ्या इमारतीचा आडोसा असलेला. टाकी किती मोठी ते विचार, नळाला इथे रोज पाणी येत नाही. विजेचं उन्हाळ्यातलं बिल तुझ्या तक्त्यात नाही, दुसरी स्कूटरही नाही. शहर बसच्या भरवशावर इथे कोणी नोकरी करत नाही.

तरी ऊन अंगवळणी पडतं. मला काळजी दुसरीच आहे. तू या नोकरीचा बारकाईनं विचार केलास, हिच्यानंतरच्या नोकरीचा केलेला नाहीस.

चाकणला काम सुटलं तर घर न बदलता महिन्या-दोन महिन्यांत दुसरीकडे लागशील. इथे? जैन इरिगेशन कंपनीमुळे ठिबक सिंचन आणि पाइप ही या शहराची ओळख झाली. एमआयडीसीत पाइपांचे आणि चटयांचे कारखाने आहेत, डाळ मिल आहेत. पण तुझ्या पगाराचा एक्सट्रूजनवाला, म्हणजे प्लास्टिक वितळवून पाइप काढणारा माणूस, ठेवतील असे मालक बोटांवर मोजण्याइतके. शिवाय सगळा धंदा शेतीवर उभा. केळीचा भाव पडला, कपाशी गेली किंवा ठिबकचं अनुदान अडकलं की शेतकरी पाइप पुढच्या वर्षावर ढकलतो. पावसाळ्यात तर खप पडतोच. म्हणून मुलाखतीत धीटपणे विचार, ऑगस्टमध्ये किती मशीन चालतात? गेल्या पावसाळ्यात पगार किती तारखेला झाला? कागदावर किती आणि हातात किती? उत्तराच्या आधी चहा मागवला गेला तर काय ते समज.

मी यातलं काहीच न विचारता आलो होतो. पहिल्या कारखान्यात तीन वर्षांनी मालकाच्या पुतण्याशी वाजलं. चांगल्या मालात भंगार प्लास्टिकचा दाणा किती मिसळायचा यावरून. मी तपासणीच्या कागदावर सही करेना, तो ऐकेना. रागाच्या भरात नोटीस न देता निघून आलो. आठ दिवसांनी दुसरीकडे मुलाखतीला गेलो, तर तिथले शेठ हसून म्हणाले, "या या, परवाच्या लग्नात तुमचाच विषय निघाला होता." सहा महिने घरी बसलो. माझी बाजू खरी होती, पण त्या लग्नात मी नव्हतो. पुण्यात सोडलेला मालक पुन्हा आयुष्यात भेटत नाही, इथे तो रोज संध्याकाळी मेहरूण तलावावर फिरायला येतो. त्याला नमस्कार करता येईल अशा बेतानं नोकरी सोडावी लागते. हे मला चाळिशीत कळलं.

आता तुझ्या बायकोचं. "तिचं काम घरून चालतं" एवढं एका ओळीत लिहून तू मोकळा झालास! उद्या तिच्या कंपनीनं आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला बोलावलं तर? पुणं इथून सुमारे चारशे किलोमीटर. महाराष्ट्र एक्सप्रेस एक रात्र खाते. विमान कधी सुरू असतं, कधी बंद. त्यावर संसार बेतता येत नाही. घरून काम किती काळ चालेल हे तिनं कंपनीकडून मेलवर घ्यावं, फोनवरचं आश्वासन नको. आणि दुसरं म्हणजे, तुला कारखान्यात पहिल्याच दिवशी दहा माणसं भेटतील. तिला घरमालकीण भेटेल. पहिलं वर्ष तुझ्यापेक्षा तिला जड जातं, हे माझ्या घरी झालेलं आहे. म्हणून मे महिन्यात तिलाही आण, लॅपटॉपसकट. भर दुपारी मीटिंग चालू असताना वीज गेली की काय होतं ते तिचं तिला बघू दे.

घर शोधताना पाच मिनिटांत आडनाव विचारतील, दहाव्या मिनिटाला मूळ गाव. पुण्यातही विचारतात, फक्त तिथे आडून. मला हे आजही आवडत नाही.

धुळ्याचीही ऑफर आहे म्हणालास. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग तिथून जातात, त्यामुळे मालवाहतुकीतल्या माणसाला धुळं उत्तम. तुझं काम वेगळं आहे. २०११च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या वर होतं, धुळं पावणेचार लाखांच्या आसपास. धुळं थोडंच लहान, पण तुझ्या कामाच्या दुसऱ्या नोकरीची शक्यता तिथे आणखी कमी.

एवढं वाचून वाटेल, सर नकोच म्हणताहेत. तसं नाही. साडेसहाला घरी पोचून मुलीला सायकल शिकवता आली, आईच्या शेवटच्या आजारात दुपारी जेवायला घरी जाता आलं, हे मला पुण्यात मिळालं नसतं. काम शिकायलाही ही जागा चांगली आहे. मोठ्या कंपनीत तू एका मशीनचा एक कोपरा सांभाळशील, इथे दाण्यापासून ट्रकपर्यंत सगळं तुझ्या अंगावर येईल. फक्त कान उघडे ठेव. अमळनेरकडचा ऑपरेटर अहिराणीत बोलतो, यावल-रावेरकडचा लेवा बोलीत, आणि मशीन का अडतंय हे तो शुद्ध मराठीत कधीच नीट सांगत नाही. "काय करी राहिना भो?" असं त्यानं तुला विचारलं की समज, आता तो खरं सांगेल. मला तिथवर पोचायला दीड वर्ष लागलं.

येणार असशील तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून ये. पहिली दोन वर्षं प्लॉट घेऊ नकोस. महिन्याभरातच कोणीतरी शिरसोलीकडचा प्लॉट दाखवायला नेईल, आणि नेणारा माणूस इतका गोड असेल की नाही म्हणवणार नाही. तेव्हा माझं नाव सांग. वाचलेल्या १६ हजारांतले निम्मे तरी आहेर, पेट्रोल आणि पाहुण्यांत जातील असं धरून तक्ता पुन्हा मांड, आणि मुलाखतीची उत्तरं आली की मला पाठव.

मे महिन्याची तिकिटं आत्ताच काढ, लग्नसराईत मिळत नाहीत. पुण्याहून रात्री बसलात की सकाळी इथे. माझ्याकडे एक कूलर जास्तीचा आहे, त्याचं गवत बदलून ठेवतो.

तुझा
सर