इंजिनावरचा पिवळा फ्लॅशर आणि शेवटच्या डब्याचा लाल दिवा

रात्री तुमची गाडी दोन स्टेशनांच्या मधेच थांबली, इंजिनाच्या माथ्यावर पिवळा दिवा उघडझाप करत होता आणि शेवटच्या डब्यामागे लाल दिवा लुकलुकत होता. हे दोन्ही एकाच बिघाडाचे दिवे का, असं तुम्ही विचारलंय. नाही. लाल दिवा गाडी ठणठणीत असतानाही रात्रभर चालूच असतो. पिवळा लागला की मात्र काहीतरी बिनसलंय असंच धरायचं.

सिग्नलवरच्या पिवळ्याशी या पिवळ्याचा काही संबंध नाही. सिग्नलला एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने चला, आणि दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल वेग आवरून ओलांडायची तयारी ठेवा. इंजिनावरचा फ्लॅशर असतो तो शेजारच्या मार्गावरून येणाऱ्या गाडीसाठी. ब्रेक पाइपमधला हवेचा दाब अचानक पडला, तर कॅबमध्ये बसून लोको पायलटला कारण कळत नाही. कोणी साखळी ओढली असेल, दोन डब्यांमधला हवेचा होज पाइप सुटला असेल, डबे जोडणारं कपलिंग तुटून गाडीचे दोन तुकडे झाले असतील, नाहीतर मागचे डबे घसरून शेजारच्या रुळावर आडवे पडले असतील. दाबाचा काटा चारही वेळा सारखाच खाली येतो. म्हणून कारण शोधण्याआधी फ्लॅशर. तो दिसला की समोरच्या लोको पायलटने गाडी थांबवायची आणि काय झालंय याची खात्री करायची. तुमची गाडी थोड्याच वेळात सुटली म्हणता, म्हणजे बहुधा साखळीच ओढली असणार.

एवढी घाई कशासाठी, ते 26 नोव्हेंबर 1998 ला पंजाबात खन्नाजवळ दिसलं. फ्रंटियर मेलचे डबे घसरून शेजारच्या मार्गावर गेले आणि समोरून आलेली जम्मूतावी-सियालदह एक्सप्रेस त्यांवर आदळली. दोनशेहून जास्त माणसं गेली.

शेजारचा मार्ग अडला असेल तर नुसत्या फ्लॅशरवर भागत नाही. लाल बावटा किंवा दिवा आणि फटाके घेऊन माणसाला रुळांच्या कडेने पुढे धावावं लागतं. ब्रॉडगेजवर 600 मीटरवर एक फटाका आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके रुळावर बसवतात. चाक वरून गेलं की ठो! दाट धुक्यातही हा आवाज चुकत नाही. लाल दिवा हाताशी नसेल तर पांढराच दिवा अंगासमोर आडवा जोरजोरात हलवायचा, त्याचाही अर्थ ‘थांबा’च होतो. हे प्रवाशांनाही माहीत असलेलं बरं.

फ्लॅशरला एक मर्यादा आहे. वळणापलीकडचा दिवा लांबून दिसत नाही, आणि वेगात असलेली गाडी ब्रेक मारल्यावरही बरंच अंतर कापते. 22 जानेवारी 2025 ला पाचोऱ्याजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून लोक शेजारच्या रुळावर उतरले आणि त्यांना कर्नाटक एक्सप्रेसने उडवलं. पुष्पकचा फ्लॅशर लावलेला होता, असं रेल्वेने तेव्हा सांगितलं होतं. तेव्हा ‘फ्लॅशर लावलाय, उतरायला हरकत नाही’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

आता शेवटच्या डब्याचा लाल दिवा. मागून येणाऱ्याला तो दिसतोच, पण तो डोळ्यांत तेल घालून पाहतो स्टेशन मास्तर. गाडी समोरून गेली आणि शेवटी दिवा दिसला, म्हणजे गाडी अख्खी आली, सेक्शनमध्ये, म्हणजे मागच्या स्टेशनपासूनच्या मार्गावर, डबा राहिलेला नाही. दिवा दिसला नाही तर मास्तर मागचा सेक्शन मोकळा झाल्याचं कळवत नाही, आणि गाडी थांबवून तपासायला पुढच्या स्टेशनला कळवतो. दिवसा हेच काम ‘एलव्ही’ (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) लिहिलेली पाटी करते. डब्यामागे रंगवलेली मोठी फुलीही शेवटच्या डब्याचीच खूण, पण ती पडली कायमची रंगवलेली, म्हणून भिस्त पाटीवर आणि दिव्यावर. आता बऱ्याच ठिकाणी अॅक्सल काउंटर चाकांच्या जोड्या मोजून हा हिशेब ठेवतात, तरी दिवा काही गेलेला नाही.

बाकीचे दिवे सोपे. समोरचा मोठा झोत हेडलाइटचा, तो समोरून गाडी आली की मंद करतात. त्याखालचे दोन छोटे पांढरे दिवे मार्कर लाइट. यार्डात एखादं इंजिन पुढेही लाल आणि मागेही लाल दिवे लावून फिरताना दिसलं तर दचकू नका, ते शंटिंगचं, म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे हलवणारं, इंजिन असतं.