जाळी भरलेली असतानाच हात आखडता का घ्यायचा?

प्रश्न : आवक घटल्यावर मासेमारीवर बंधने येतात, हे समजण्यासारखे आहे, परंतु जाळी भरून येत असतानाही सरकारने मर्यादा घालावी, हा आग्रह कशासाठी? रोज समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारापेक्षा कचेरीतले गणित अधिक खरे कसे मानायचे?

उत्तर : मच्छीमाराचा अनुभव खोटा नसतो, फसगत होते ती भरलेल्या जाळ्यावरून समुद्रातली शिल्लक ठरवल्यामुळे. थव्याने राहणारे मासे घटले, तरी उरलेले पुष्कळदा ठरावीक जागी दाटी करून राहतात, आणि ध्वनिलहरींनी थवे हुडकणाऱ्या यंत्रामुळे बोट नेमकी तेथेच पोहोचते. साठा निम्म्यावर आला, तरी जाळे पूर्वीइतकेच जड लागू शकते.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळच्या कॉड माशांच्या बाबतीत हेच घडले. 1977 मध्ये त्या देशाने 200 सागरी मैलांपर्यंतचे क्षेत्र आपल्या ताब्यात घेतले, परदेशी बोटी मागे हटल्या आणि देशाचे स्वतःचे ट्रॉलर वाढले. साठ्याचे अंदाज बऱ्याच अंशी या मोठ्या ट्रॉलरांना मिळणाऱ्या मासळीवर बेतलेले होते. किनाऱ्यालगत लहान बोटी घेऊन जाणारे मच्छीमार मात्र 1980 च्या दशकातच मासे कमी झाल्याची तक्रार करत होते, आणि तिच्याकडे वेळीच पुरेसे लक्ष दिले गेले नाही. म्हणजे कचेरीतले गणितही चुकू शकते, ही आपली शंका येथे पूर्णपणे रास्त ठरते. 2 जुलै 1992 रोजी दोन वर्षांसाठी म्हणून बंदी जाहीर झाली, सुमारे 30,000 लोकांचा रोजगार गेला, आणि व्यावसायिक मासेमारीवरची ती बंदी अखेर 2024 मध्ये उठली.

म्हणूनच मोजणी बोटींच्या कमाईवर न सोडता स्वतंत्रपणे करावी लागते. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, लहानशा बीएवढा चुन्याचा खडा असतो. तो मधोमध कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वलये दिसतात आणि त्यांवरून वय कळते. अशा शेकडो खड्यांत म्हाताऱ्या माशांची वलये दिसेनाशी झाली, तर जाळी भरलेली असली तरी ती धोक्याची खूण समजावी, कारण मोठी, जुनी मादी आपल्या वजनाच्या मानाने लहान मादीपेक्षा कितीतरी अधिक अंडी घालते. पिल्ले निसटावीत म्हणून जाळ्याच्या आसांचा, म्हणजे विणीतल्या भोकांचा, आकार ठरवून दिला जातो, पण तेवढ्याने भागत नाही : ओढताना ताण आला की शंकरपाळ्याच्या आकाराचे आस मिटतात आणि पिल्ले आतच अडकतात, तर चौकोनी आस उघडे राहतात. नियम लिहिणाऱ्याने एकदा तरी ओढले जाणारे जाळे पाहिलेले असावे, असे मला मनापासून वाटते.

संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या सागरी कायद्याने किनारी देशांना 200 मैलांचा हक्क दिला, आणि त्याबरोबरच किती मासे पकडावेत हे उत्तम शास्त्रीय माहितीच्या आधारे ठरवण्याची जबाबदारीही दिली. हक्काची आठवण सर्वांना असते; जबाबदारीचा मात्र सोयीस्कर विसर पडतो.

प्रश्न : ठरलेली मर्यादा बोटमालकांना वाटून दिली, तर वाद मिटतील का?

उत्तर : आधी पोहोचेल त्याचा मासा, ही धावपळ थांबते, हा मोठा लाभ आहे. मात्र वाटा टनांत देऊ नये. न्यूझीलंडने 1986 मध्ये तसा दिला, तेव्हा मासे कमी झाले की सरकारला पैसे मोजून हक्क परत घेण्याची वेळ येऊ लागली. 1990 मध्ये तेथे वाटा एकूण मर्यादेच्या प्रमाणात ठरू लागला. दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. वाटा विकता येतो, म्हणून तो हळूहळू मोठ्या कंपन्यांकडे जातो आणि लहान गावांच्या बंदरांत बोटी राहत नाहीत. आइसलँडमध्ये याबद्दल तीव्र असंतोष होता, आणि 2009 पासून तेथे उन्हाळ्यात हाताच्या गळाने मासे पकडणाऱ्या लहान बोटींना वाट्याबाहेर परवानगी मिळू लागली. वाटप करणाऱ्या कोणत्याही देशाने अशी राखीव जागा पहिल्याच दिवशी ठेवावी. एकदा विकला गेलेला हक्क गावाकडे परत आणणे फार कठीण असते.