वाढत्या अंगाचं व्हायोलिन

प्रश्न : मुलगी 8 वर्षांची आहे. तिला पूर्ण मापाचंच व्हायोलिन घेतलं तर पुढेही पुरेल आणि मलाही (वय 46) त्यावर शिकता येईल. चालेल ना? – एक आई, डोंबिवली

उत्तर : नाही हो ताई! वाढत्या अंगाचा फ्रॉक घ्यावा, व्हायोलिन नव्हे. वाद्य तिच्या खांद्यावर ठेवून डावा हात सरळ करायला सांगा. टोकाची गुंडाळी तळहातात सहज आली, तर माप बरोबर. या वयात बहुधा 1/2 (अर्ध्या मापाचं) बसतं, तरी दुकानात मुलीला न्याच. भाड्याने मिळालं तर उत्तम. 4/4 (पूर्ण मापाचं) तुमच्यासाठी घ्या. बोटं कुरकुरतील थोडी, पण सूर चुकला हे तुम्हाला तिच्याआधी कळेल! नवं रोझिन (गजाच्या, म्हणजे वाजवायच्या काठीच्या, केसांना लावायची राळ) गुळगुळीत असतं. पॉलिश पेपरने जरा खरवडा, नाहीतर गज तारेवरून नुसताच घसरतो. वाजवून झालं की गजाचे केस सैल करा.